इंजिन ऑइलची ऊब

रात्रभर उभे राहून गार पडलेले इंजिन पहाटे सुरू करताना स्टार्टर मोटरला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'सेल्फ'ला, मोठा अडथळा होतो तो ऑइलचा. खालच्या चेंबरमध्ये साचलेले आणि बेअरिंगांच्या फटींत उरलेले हे ऑइल जितके गार, तितके दाट होते. ते जितके दाट, तितका क्रँकशाफ्ट फिरवायला जोर जास्त लागतो. म्हणून थंड प्रदेशांत ऑइल, किंवा ऑइलसह सगळे इंजिनच, सुरू करण्याआधी कोमट ठेवण्याची पद्धत आहे. त्यासाठी विजेचे हीटर, इंधनावर चालणारे हीटर, आच्छादने आणि योग्य प्रतीचे ऑइल असे अनेक उपाय वापरात आहेत.

भिवंडीसारख्या गावाला याची काय गरज, असे पहिल्यांदा वाटते. ठाणे जिल्ह्यातले हे शहर खाडीकाठच्या सखल भागात वसलेले आहे आणि हिवाळ्यातही पहाटेचा पारा साधारणपणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास थांबतो. तरीही दोन प्रकारच्या इंजिनांमुळे भिवंडीचा या विषयाशी जवळचा संबंध येतो. एक इंजिन प्रवासाला निघणारे. माणकोली, राहनाळ, वळ, पूर्णा, दापोडे, सोनाळे या पट्ट्यातल्या गोदामांतून माल भरून निघालेला ट्रक कसारा घाट चढतो आणि दोन-तीन दिवसांत भिवंडीत कधीच पडत नाही अशा थंडीत उभा राहतो. दुसरे इंजिन जागचे न हलणारे. त्याच गोदामांच्या आवारात राखीव जनरेटरची आणि आगीच्या पंपाची डिझेल इंजिने महिनोन्महिने थांबून असतात, आणि वेळ आली की त्यांना काही सेकंदांत पूर्ण भार उचलायचा असतो. पहिल्या इंजिनाला कोणते ऑइल घातले आहे यावर बरेच काही ठरते, तर दुसऱ्याला बाहेरून ऊब द्यावी लागते.

दाट होणे आणि थिजणे

थंडीत ऑइलच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. त्या समजायला स्वयंपाकघरातली दोन उदाहरणे पुरेशी आहेत. काकवी थंडीत दाट होते, पण वाहायची थांबत नाही. भांडे कलंडले की ती सावकाश का होईना, खाली येते. खोबरेल तेलाचे तसे नसते. साधारण २४ अंशांच्या खाली त्यात स्फटिक तयार होऊ लागतात आणि ते थिजते, म्हणूनच हिवाळ्यात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. इंजिन ऑइल बहुतेक वेळा काकवीसारखे वागते. तीव्र थंडीत मात्र त्यातल्या मेणासारख्या घटकांचे स्फटिक जमू लागतात आणि ते खोबरेलासारखे थिजू पाहते.

दाटपणाला शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात आणि ऑइलच्या बाबतीत ती सेंटिस्टोक या एककात मोजतात. २० अंशांच्या पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक असते. ट्रकमध्ये सर्रास वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांना, म्हणजे चालत्या इंजिनात, १४ ते १५ सेंटिस्टोक भरते आणि ४० अंशांना ते ११० च्या आसपास जाते. या दोन मापांवरून नेहमीच्या सूत्राने अंदाज काढला, तर भिवंडीतल्या दुपारच्या ३० अंशांना ते सुमारे १८०, पहाटेच्या १५ अंशांना सुमारे ४५०, आणि ५ अंशांना ९०० च्या घरात पोहोचते. उणे १० ला हाच आकडा ३,३०० च्या आसपास जातो.

या आकड्यांत एक गोष्ट ठळक दिसते. तापमान सारख्या टप्प्यांनी उतरले, तरी दाटपणा सारख्या टप्प्यांनी वाढत नाही, तो पटींनी वाढतो. १५ वरून ५ अंशांवर आले की ऑइल दुप्पट दाट होते, आणि दुपारच्या भिवंडीशी तुलना केली तर पाचपट. म्हणूनच गार ऑइल थोडेसे कोमट केले तरी फरक मोठा पडतो. ते चालत्या इंजिनाइतके तापवण्याची गरज नसते. उणे १० वरून १५ अंशांपर्यंत आणले, तरी दाटपणा सातव्या हिश्शावर येतो.

गार इंजिनात काय घडते

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टनने दाबली जाते, दाबल्यामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा पुरेशी तापण्यासाठी पिस्टनचा दाब चटकन पडायला हवा. पिस्टन सावकाश वर आला, तर दाबलेल्या हवेतली उष्णता गार सिलिंडरच्या भिंतींत शोषली जाते आणि काही हवा रिंगांच्या फटींतून निसटते. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला शे-दोनशे फेऱ्यांच्या वेगाने तरी फिरणे म्हणूनच आवश्यक असते. ऑइल दाट असले की हा वेग गाठता येत नाही.

त्याच वेळी बॅटरीही दुबळी झालेली असते. शिसे-आम्ल बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. गोठणबिंदूजवळ तिची ताकद पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाने घटते आणि उणे १८ अंशांना ती निम्म्यावर किंवा त्याहीखाली येते. थंडीमुळे सेल्फचे काम वाढते आणि त्याच थंडीमुळे बॅटरीचा जोर उतरतो. हवा मुळातच गार असल्याने दाबल्यावरही ती कमी तापते. असे तीन अडथळे एकाच पहाटे एकत्र येतात. त्यांतला ऑइलचा अडथळा कमी केला, तर सेल्फ वेगाने फिरतो आणि उरलेल्या दोन अडथळ्यांचे वजनही आपोआप घटते.

इंजिन सुरू झाले म्हणजे धोका टळला असे नाही. रात्रभरात बेअरिंगे, कॅमशाफ्ट आणि टर्बोचार्जर यांवरचे बरेचसे ऑइल निथळून चेंबरमध्ये आलेले असते. उरतो तो पातळ थर. ऑइल पंपाने चेंबरमधून ऑइल ओढून, फिल्टरमधून ढकलून वरपर्यंत पोहोचवेपर्यंत सगळे भाग त्या थरावरच चालतात. भिवंडीच्या हवेत हे काम काही सेकंदांत होते. ऑइल फार दाट असेल तर जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ धातू धातूवर घासतो. फिल्टरच्या जाळीतून दाट ऑइल पुरेसे जात नाही, तेव्हा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जाते.

ऑइल चेंबरमध्ये थिजले तर काय होते, याचा मोठा धडा १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, सू फॉल्सच्या परिसरात मिळाला. तिथल्या कित्येक गाड्यांमधले ऑइल तेव्हाच्या चाचण्यांत उतरलेले होते. पण थंडी हळूहळू वाढत दीर्घकाळ टिकली, तेव्हा त्याच ऑइलची चेंबरमध्ये जेलीसारखी अवस्था झाली. इंजिने सुरू झाली, पंपाने तोंडाजवळचे थोडे ऑइल ओढले, तिथे पोकळी पडली आणि भोवतालचे ऑइल ती भरायला सरकलेच नाही. पंप हवा ओढत राहिला आणि इंजिने जळाली. त्यानंतर ऑइल सावकाश गार करून, ते पंपाकडे वाहते की नाही हे पाहणारी चाचणी रूढ झाली.

डब्यावरचे आकडे

अमेरिकेतल्या 'सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स' या संस्थेने ऑइलची प्रतवारी १९११ मध्ये सुरू केली. तिच्या आद्याक्षरांवरून ती एसएई प्रत म्हणून ओळखली जाते. १५डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू' हे इंग्रजीतल्या हिवाळ्याच्या शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा ऑइलची थंडीतली वागणूक सांगतो, तर नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातली. ४० प्रतीचे ऑइल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावे लागते.

१५डब्ल्यू म्हणजे १५ अंशांपर्यंत चालणारे ऑइल, असा एक गैरसमज रूढ आहे. डब्ल्यूचा आकडा तापमानाचा नाही, तो एक क्रमांक आहे. मात्र त्यावरून चाचणीचे तापमान काढायची सोपी रीत आहे: त्या आकड्यातून ३५ वजा करावेत. १५ मधून ३५ गेले की उणे २० उरतात. या तापमानाला, सेल्फ इंजिन फिरवतो तशा परिस्थितीत, १५डब्ल्यू ऑइलची श्यानता ७,००० सेंटिपॉइजपेक्षा (श्यानतेचे हे दुसरे एकक) जास्त असता कामा नये. ४० वजा केले की पंपाच्या चाचणीचे तापमान मिळते. ते इथे उणे २५ येते आणि त्या वेळची मर्यादा ६०,००० सेंटिपॉइज आहे. याच रीतीने १०डब्ल्यू ऑइलची तापमाने उणे २५ आणि उणे ३०, ५डब्ल्यूची उणे ३० आणि उणे ३५, तर ०डब्ल्यूची उणे ३५ आणि उणे ४० निघतात.

डब्ल्यू नसलेले नुसते '४०' ऑइल, म्हणजे एकाच प्रतीचे ऑइल, जुन्या इंजिनांत अजूनही घातले जाते. तापल्यावर ते १५डब्ल्यू-४० सारखेच वागते, पण ५ अंशांना त्याच्या दुप्पट दाट होते. बहुप्रतीच्या ऑइलमध्ये लांब साखळीचे रेणू मिसळलेले असतात. गार असताना ते आक्रसून राहतात आणि तापल्यावर उलगडतात, त्यामुळे ऑइल गरम होऊन फार पातळ पडत नाही. मूळ ऑइल पातळ निवडता येते ते याच रेणूंच्या भरवशावर, आणि थंडीत त्याचाच फायदा मिळतो.

कसाऱ्यापासून काझीगुंडपर्यंत

भिवंडीहून निघालेला ट्रक शंभरेक किलोमीटरवर कसारा घाट चढून इगतपुरीला पोहोचतो, तेव्हा तो समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आलेला असतो. पुढे नाशिक, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे असा रस्ता आहे. महाराष्ट्रातल्या थंडीच्या बातम्यांत दरवर्षी येणारे निफाड याच पट्ट्यात आहे. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात कडाक्याच्या पहाटे ५ अंशांखालचे तापमान नोंदले जाते. शिरपूर ओलांडून ट्रक मध्य प्रदेशात शिरतो आणि इंदूर, ग्वाल्हेर करत आग्र्याकडे जातो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेच्या मैदानात थंडीची लाट आली की पारा एक-दोन अंशांपर्यंत उतरतो. दिल्लीत सफदरजंगला १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंश नोंदले गेले.

या आकड्यांना मघाची प्रतवारी लावून पाहिली, तर निष्कर्ष स्पष्ट निघतो. निफाडची किंवा ग्वाल्हेरची पहाट १५डब्ल्यू-४० च्या मर्यादेपासून वीस अंशांहून जास्त दूर आहे. तिथे ऑइल तापवायची गरज नाही. अशा हवेत सुस्थितीतला ट्रक सेल्फ घेत नसेल, तर दोष बहुतेक वेळा दुसरीकडे असतो: उतरलेली बॅटरी, गंजलेले टर्मिनल, निकामी हीटर प्लग, रिंगा झिजल्यामुळे कमी झालेले कॉम्प्रेशन, किंवा चुकीच्या प्रतीचे ऑइल. मुदत संपूनही न बदललेल्या ऑइलमध्ये काजळी साठते आणि तेही थंडीत अधिक दाट होते.

चित्र बदलते ते बनिहालच्या पलीकडे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्ला-ए-कलां' हा सर्वांत कडक थंडीचा काळ सुरू होतो. ३१ जानेवारी २०२१ रोजी श्रीनगरला पारा उणे ८.८ पर्यंत उतरला होता. लडाखमधल्या द्रासला तो उणे २० च्याही खाली जातो, आणि तिथे १५डब्ल्यू ऑइल आपल्या मर्यादेपाशी येऊन ठेपते. माल उतरवून सफरचंदे भरायला थांबलेला ट्रक काश्मीरमधल्या काझीगुंडला उघड्यावर रात्र काढतो, तेव्हा त्याच्या चेंबरमध्ये भिवंडीत भरलेलेच ऑइल असते. ऑइल निवडताना मुक्कामाच्या गावची हवा पाहून चालत नाही, वाटेतली सर्वांत थंड पहाट हिशेबात धरावी लागते. हिवाळाभर त्या बाजूच्या खेपा असतील आणि इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल, तर १०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू प्रतीचे ऑइल घालणे हा सर्वांत स्वस्त हीटर ठरतो.

इतक्या थंडीत ऑइलबरोबर डिझेलचाही विचार करावा लागतो, कारण ते खरोखर खोबरेलासारखे थिजते. डिझेलमधल्या मेणाचे स्फटिक फिल्टरमध्ये अडकतात आणि इंजिनापर्यंत इंधन पोहोचतच नाही. भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा उन्हाळ्यातल्या डिझेलसाठी १८ अंश आणि हिवाळ्यातल्या डिझेलसाठी ६ अंश अशी वेगळी ठेवली आहे. म्हणून भिवंडीत टाकी काठोकाठ भरून निघण्यापेक्षा उत्तरेत पोहोचेपर्यंत ती रिकामी होत जावी आणि पुढचे डिझेल त्या प्रदेशातच भरावे, हे शहाणपणाचे. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल उपलब्ध केले. ते पानिपतच्या रिफायनरीत तयार होते. बीएस-६ ट्रकमध्ये वेगळ्या टाकीत असणारा युरियाचा द्रवही उणे ११ अंशांना गोठतो. त्यासाठी ट्रकमध्येच गरम कूलंट फिरवण्याची सोय असते.

ऊब देण्याच्या रीती

सर्वांत जुनी रीत अगदी साधी होती. अलास्का आणि उत्तर कॅनडातले वैमानिक मुक्कामी उतरल्यावर इंजिन गरम असतानाच ऑइल डब्यात काढून घेत, रात्रभर ते शेगडीजवळ ठेवत आणि सकाळी पुन्हा इंजिनात ओतत. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत दुसरी युक्ती होती. इंजिन बंद करण्यापूर्वी ऑइलमध्ये थोडे पेट्रोल मिसळले जाई. त्यामुळे ते रात्रभर पातळ राही, आणि इंजिन सुरू होऊन तापले की पेट्रोल उडून जाई.

मोटारींसाठी विजेच्या हीटरचा प्रसार अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या अँड्र्यू फ्रीमन यांच्यामुळे झाला. सिलिंडर हेडच्या एका बोल्टच्या जागी बसणाऱ्या हीटरचे पेटंट त्यांना १९४९ मध्ये मिळाले. आज कॅनडा, अलास्का, फिनलंड अशा ठिकाणी गाडीच्या पुढून लोंबणारी वायर आणि वाहनतळावर तिच्यासाठी असलेला प्लग हे हिवाळ्यातले रोजचे दृश्य आहे.

सध्याच्या हीटरांचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला ब्लॉक हीटर किंवा कूलंट हीटर. तो ब्लॉकमधले कूलंट तापवतो. गरम कूलंट वर चढते, गार खाली येते आणि पंप नसतानाही सगळ्या ब्लॉकभर ऊब फिरते. सिलिंडरच्या भिंती कोमट झाल्याने दाबलेली हवाही जास्त तापते. दुसरा चेंबरचा हीटर. तो चेंबरच्या तळाला बाहेरून चिकटवलेली सिलिकॉनची गादी, लोहचुंबकाने धरणारी पेटी, किंवा आत बुडणारी कांडी अशा रूपांत मिळतो आणि थेट ऑइल तापवतो. तिसरा इंधनावर चालणारा. गाडीच्याच टाकीतले थोडे डिझेल छोट्या बंद भट्टीत जाळून तो कूलंट गरम करतो. त्याला विजेचा प्लग लागत नसल्याने रस्त्यात मुक्काम करणाऱ्या ट्रकला तो सोयीचा पडतो.

यांपैकी कोणाला किती ऊर्जा लागते, याचा हिशेब मांडता येतो. सहा सिलिंडरच्या ट्रकच्या चेंबरमध्ये १५ लिटर ऑइल आहे असे धरू. त्याचे वजन सुमारे १३ किलो भरते. ते ३० अंशांनी तापवायला साधारण ७८० किलोज्यूल, म्हणजे पाव युनिटहून थोडी कमी वीज लागते. ३०० वॅटचा हीटर हे काम कागदावर पाऊण तासात करतो. प्रत्यक्षात चेंबरचा पत्रा आणि वाराही उष्णता खात असल्याने दोन-तीन तास धरावे लागतात. याउलट पाचशे किलोचे सगळे इंजिन, कूलंटसह, तेवढेच तापवायचे तर सुमारे तीन युनिटे लागतात आणि १,५०० वॅटच्या हीटरला किमान दोन तास. म्हणजे ऑइलची ऊब स्वस्त आहे, पण सुरू होण्याची खरी खात्री ब्लॉकच्या उबेत आहे. कडाक्याच्या थंडीत म्हणूनच दोन्ही हीटर जोडतात.

ऑइलला उष्णता द्यायची ती मंद हवी. ऑइल उष्णतेचे वाईट वाहक आहे आणि गार असताना ते जागचे हलतही नाही. लहान पृष्ठभागाचा प्रखर हीटर वापरला, तर त्याला टेकलेले ऑइल करपते आणि तिथे कोळशाचा थर चढतो, पण हातभर अंतरावरचे ऑइल गारच राहते. ऑइलच्या गेजपट्टीच्या नळीत घालायच्या हीटरची मर्यादा हीच आहे. त्याची ताकद वाढवली की ऑइल जळते, कमी ठेवली तर चेंबर तापत नाही.

उष्णता बाहेरून देण्याऐवजी आहे तीच जपून ठेवणे, ही आणखी एक वाट. टोयोटाने २००४ च्या सुमारास अमेरिकेत विकलेल्या प्रियस मोटारीत तीन लिटरचा थर्मास बसवला होता. गाडी बंद झाली की गरम कूलंट त्यात साठवले जाई आणि पुढच्या वेळी सुरू करण्याआधी इंजिनात सोडले जाई. आपल्याकडचे चालक रेडिएटरच्या जाळीपुढे ताडपत्री किंवा पुठ्ठा लावतात, त्यामागचे तत्त्व वेगळे नाही. रात्री ट्रकचे तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवणे आणि जमल्यास भिंतीच्या आडोशाला उभे करणे, यानेही ऊब टिकते. गाडी चालू लागल्यावर मात्र ताडपत्री वेळेवर काढावी लागते, नाहीतर इंजिन अतितापते.

काही ठिकाणी चेंबरखाली पेटत्या चिंध्या, स्टोव्ह किंवा निखाऱ्यांची पाटी ठेवून इंजिन शेकले जाते. सैन्याच्या मोहिमांत आणि दुर्गम भागांत अडचणीच्या वेळी हा मार्ग पुष्कळदा वापरला गेला आहे, पण तो धोक्याचाच आहे. चेंबरच्या पत्र्यावर नेहमीच ऑइलचा चिकटा असतो आणि जवळूनच डिझेलचे पाइप, ब्रेकची हवेची नळी आणि वायरिंग गेलेले असते. आग भडकली नाही, तरी तळाचे ऑइल करपते आणि गॅस्केट वितळतात. बंद शेडमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. तसाच दुसरा धोका ईथरच्या फवाऱ्याचा. हीटर प्लग किंवा हवा तापवणारी जाळी असलेल्या इंजिनात ईथर मारले, तर ते तापल्या तारेवर अवेळी पेटून पिस्टन किंवा मॅनिफोल्ड फोडू शकते.

इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबू नये. एक-दोन मिनिटांनी हळू वेगात निघावे आणि ऑइल तापेपर्यंत भार बेताचा ठेवावा. अर्धा-अर्धा तास जागेवर इंजिन चालू ठेवणे हितकारक नसते. कमी भारावर इंजिन पुरते तापत नाही आणि न जळलेले डिझेल रिंगांवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते.

थांबून असलेले इंजिन

भिवंडीच्या गोदामांतल्या राखीव इंजिनांची गरज यापेक्षा वेगळी आहे. ट्रकचा चालक दोनदा सेल्फ मारू शकतो, पाच मिनिटे वाट पाहू शकतो. आग लागल्यावर पंपाच्या इंजिनाला तशी सवलत नसते. कापड, प्लास्टिक, पुठ्ठा यांनी छतापर्यंत भरलेल्या गोदामात पाण्याच्या नळातला दाब उतरला की पंपाचे इंजिन आपोआप सुरू व्हावे लागते, आणि काही क्षणांत पूर्ण वेगाने, पूर्ण भाराने चालावे लागते. गार इंजिनावर असा एकदम भार टाकला, तर ऑइल पोहोचण्याआधीच बेअरिंगांवर ताण येतो. पिस्टन लवकर प्रसरण पावतो, ब्लॉक मागे राहतो, आणि दोघांमधली फट आवळली जाते.

यामुळे या इंजिनांना जॅकेट वॉटर हीटर, म्हणजे कूलंट हीटरच, बसवतात आणि तो बारा महिने, चोवीस तास चालू असतो. अमेरिकेतल्या 'नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन'चे एनएफपीए-२० हे मानक आगीच्या पंपांसाठी जगभर प्रमाण मानले जाते. त्यानुसार डिझेल इंजिनातले कूलंट ४९ अंशांवर राखावे लागते. आणीबाणीच्या जनरेटरसाठीच्या एनएफपीए-११० मध्येही इंजिन कोमट राखण्याची अट आहे, आणि ज्या सेवांवर जीव अवलंबून आहेत तिथे दहा सेकंदांत वीजपुरवठा सुरू होण्याची अपेक्षा असते. भिवंडीची १५ अंशांची पहाट ट्रकला सुखाची वाटते, पण ४९ च्या तुलनेत ती ३४ अंशांनी उणी आहे. मे महिन्यातली दुपारसुद्धा त्या आकड्यापर्यंत पोहोचत नाही.

पावसाळ्यात या उबेचा आणखी एक उपयोग होतो. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीची हवा ओलीचिंब असते. बंद, गार इंजिनाच्या आत या हवेतल्या बाष्पाचे पाणी होते आणि ते चेंबरमध्ये उतरते. ऑइलमध्ये पाणी मिसळले की त्याला दुधट रंग येतो, त्याची वंगणशक्ती कमी होते आणि बेअरिंगांवर गंज धरतो. ब्लॉक कोमट असेल तर आत दव धरत नाही.

हीटर बसवताना काही पथ्ये असतात. कूलंट हीटरमध्ये खालून शिरावे आणि वरून बाहेर पडावे. वरच्या नळीला कुठेही उताराचा वळसा नको, कारण तिथे हवा अडकते, कूलंट फिरायचे थांबते आणि कोरडी पडलेली कांडी जळते. थर्मोस्टॅट हवाच. तो नीट असेल, तर १,५०० वॅटचा हीटर दिवसभर सलग चालत नाही. समजा तो दिवसातले आठ तास चालला, तर १२ युनिटे वीज जाते. इंजिन सुरू होताच हीटर बंद व्हावा अशी जोडणीही करतात. सतत गरम राहिल्याने रबरी नळ्या कडक होतात आणि चिरतात, म्हणून त्या ठरलेल्या मुदतीत बदलाव्या लागतात.

हीटर असला तरी इंजिन अधूनमधून चालवणे टळत नाही. त्याची ऊब बेअरिंगांवर ऑइल चढवत नाही, ते काम पंपाचेच. आगीच्या पंपाचे डिझेल इंजिन आठवड्यातून एकदा किमान ३० मिनिटे चालवून पाहण्याचा दंडक त्यासाठी आहे. पाच मिनिटे चालवून बंद केले, तर जळताना तयार झालेले पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही, ते ऑइलमध्येच राहते. अर्ध्या तासात ऑइल पुरते तापते आणि आपली ओल स्वतःच घालवते.

या साऱ्या व्यवस्थेची रोजची तपासणी साधी आहे. बंद इंजिनाच्या ब्लॉकला हात लावावा. हीटर चालू असेल तर ब्लॉक स्पष्ट गरम लागतो आणि वरची नळी खालच्या नळीपेक्षा जास्त गरम असते. एकच नळी कढत आणि ब्लॉक गार असेल, तर आत हवा अडकलेली आहे. दोन्ही गार असतील, तर फ्यूज उडालेला आहे, थर्मोस्टॅट बिघडला आहे किंवा कांडी जळली आहे. आणि त्या क्षणी आगीची घंटा वाजली, तर ते इंजिन गारच सुरू होणार आहे.